आत्तीसाठी घेतलेली शेगडी

भाकरीचं मधलं अंग दिसत नाही असं आत्ती पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा उंब्रजच्या घरात सगळे हसले होते. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई, आवाज असा की उसाच्या फडातल्या माणसाला चुलीजवळनं हाक ऐकू जावी. त्या दिवशी भाकरी थापता थापता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कडा दिसत्यात. मधी कायच न्हाई. कुणीतरी पुसून काढल्यागत झालंय." थोरल्या जाऊबाईंनी त्यांचा चष्मा पदरानं पुसून दिला. तरीही मधलं दिसेना, तेव्हा हसणं थांबलं.

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. इंजेक्शनं दिली तर आहे तेवढं टिकवता येईल, पण गेलेलं परत येणार नाही. बाजूबाजूचं मात्र दिसत राहील. घरात फिरता येईल, अंगणात जाता येईल, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येणार नाही. आत्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सैपाक?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "जपून." त्या एका शब्दाचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्याला हवा तसा लावला.

थोरल्या भावजींनी लावलेला अर्थ सगळ्यात कडक होता. ते फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, एकदा बोलले की विषय संपला. "आजपास्नं आई गॅसजवळ जायची न्हाई," त्यांनी सांगितलं. जाऊबाईंनी मान हलवली. इंजेक्शनांसाठी मिरजेला पुन्हा पुन्हा जावं लागणार होतं, म्हणून आत्तींना आमच्याकडं सांगलीला ठेवायचं ठरलं. गाडीत बसताना भावजींनी मला वेगळं सांगितलं, "ध्यान ठेव. ती ऐकायची न्हाई."

आमचं घर सांगलीहून कुपवाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो, सकाळी मोटरसायकलवर जातो तो संध्याकाळी येतो. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाऊज, ड्रेस, लग्नसराईत नवरीचे कपडे. आत्ती आल्या आणि पुढच्या खोलीतच भिंतीला टेकून बसायला लागल्या. मशीन चाललं की ऐकायच्या, थांबलं की मान वर करायच्या. जेवायला वाढलं की जेवायच्या. "आमटी कशी झालीय?" विचारलं की म्हणायच्या, "बरी हाय."

याच बाईनं माझं लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला एकदाही बरी म्हटलेलं नव्हतं. कधी पाणचट, कधी खारट, कधी 'इस्लामपूरच्या लोकांस्नी लसूण म्हाईतच न्हाई', कारण माझं माहेर इस्लामपूरचं. ते बोलणं मला कधी आवडलं नव्हतं. पण ते बंद झाल्यावर घर ओकंबोकं वाटायला लागलं.

मग ती दुपार आली. मी एका बाईच्या ब्लाऊजचं माप घेत होते. आधी दूध करपल्याचा वास आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा वास, गॅसचा. टेप टाकून मी आत धावले. पातेल्यातलं दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, गॅस तसाच सुसू करत बाहेर येत होता, आणि आत्ती हातात सांडशी धरून शेगडीवर वाकून जाळ शोधत होत्या.

"कुणी दिव्याच्या बटणाला हात लावू नका!" मी बाहेरच्या बाईला ओरडून सांगितलं. शेगडीचं बटण बंद केलं, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मागचं दार आणि खिडकी सताड उघडली आणि आत्तींना दंडाला धरून परसात नेलं. वास जाईपर्यंत आम्ही दोघी पेरूच्या झाडाखाली उभ्या होतो. त्यांच्या हातात सांडशी तशीच होती.

"मला चा पायजे हुता," त्या म्हणाल्या. "तू कामात हुतीस. जाळ दिसंना म्हणून वाकले, तर जाळच न्हवता."

मी रागावणार होते. पण नुसती त्यांच्या हातातली सांडशी काढून घेतली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगावंच लागलं. तो हातपाय धुऊन आला आणि आईच्या समोर बसला. "आई, दादा म्हणतोय त्येच बराबर हाय. तू गॅसला हात लावायचा न्हाईस."

"तू बी त्येचंच बोलतोस व्हय?"

"तुज्या काळजीनंच बोलतोय."

"माज्या हाताला काय झालंय? डोळ्याला झालंय. हाताला इचार तरी." एवढं बोलून त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. जेवायलाही उठल्या नाहीत.

नवऱ्याला आईचं मन मोडल्याचं लागलं असणार. पुढच्या पगाराला तो विजेची शेगडी घेऊन आला, ती सपाट काचेची. जाळ नाही, गॅस नाही, उतू गेलं तरी भीती नाही. त्यानं मोठ्या हौसेनं ती ओट्यावर मांडली आणि आत्तींना हाताला धरून पुढं आणलं. आत्तींनी काचेवरनं तळवा फिरवला. "बटण कुठं हाय?" बटण नव्हतंच, काचेवर चित्रं होती, त्यावर बोट टेकवायचं. त्यांचं बोट चित्राच्या शेजारी पडायचं. चुकून बरोबर पडलं तरी आतनं एक बारीकशी टिकटिक व्हायची, ती कशाची ते त्यांना कळायचं नाही. त्यांनी आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, ते तापलंच नाही, तिला लोखंडी बुडाचंच भांडं लागायचं. भाकरी तव्यावर एका अंगानं भाजली, पण दुसरं अंग जाळावर धरायला जाळच नव्हता. ती वातड झाली.

"ही बोलतच न्हाई," आत्ती म्हणाल्या. "मुकी हाय. हिच्यासंगं मला न्हाई जमायचं."

नवऱ्यानं शेगडी खोक्यात भरली. त्याचा चेहरा पडला होता. मला मात्र त्यांच्या बोलण्यातनं काहीतरी हाती लागलं. आपल्याला वाटत होतं, जाळ काढून टाकला की प्रश्न सुटला. पण आत्तींना जाळाशिवाय स्वयंपाक करताच येत नव्हता, कारण जाळ त्यांना सांगत होता. आता डोळ्यांनी नाही तर कानांनी, तळव्यांनी, गालाला लागणाऱ्या धगीनं. मी शिवणारी बाई. एका खांद्यानं उतरती बाई माझ्याकडं आली तर मी तिला ब्लाऊज घालू नका म्हणत नाही, माप वेगळं घेते. हेही तसंच वेगळ्या मापाचं काम होतं. आणि मापं घेणं मला येतं.

मी आधी माझी जुनी शेगडी नीट पाहिली. इतकी वर्षं तिच्यावर स्वयंपाक केला होता, पण पाहिली कधी नव्हती. दोन बर्नर, दोन्ही सारख्याच आकाराचे. एकाची भोकं तुंबून जाळ पिवळा यायचा आणि पातेल्यांची बुडं काळी व्हायची. फोडणीचं कढलं ठेवलं की कलंडायचं, कारण खालचा आधार रुंद. दूध त्याच बर्नरवर, भाकरी त्याच बर्नरवर, कुकर त्याच बर्नरवर. मोठ्या जाळाचं काम आणि बारक्या जाळाचं काम मी एकाच जागी, बटण मागंपुढं करत उरकत आले होते. डोळे धड असताना ते चालतं. आत्तींना प्रत्येक कामाला वेगळी जागा हवी होती. जागा ठरली की हाताला शोधावं लागणार नाही.

पुढच्या रविवारी मी आत्तींना घेऊन सांगलीच्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात गेले. नवरा म्हणाला, "आईला कशाला नेतीस? तूच बघून आण." मी म्हणाले, "आवं, ब्लाऊज दुसरीच्या अंगावर बेतून होतो का?"

दुकानदार मध्यम वयाचा, बोलका माणूस. त्यानं आम्हाला एकामागून एक शेगड्या दाखवायला सुरुवात केली. काचेवर फुलं असलेली, चार बर्नरची, पाच बर्नरची. "ताई, ही सध्या लय चालतीया. पाच बर्नर. एकदम स्टँडर्ड."

"आमी घरात तिघं," आत्ती म्हणाल्या. "पाच जाळ करून काय यात्रा जेवू घालायची हाय व्हय?"

दुकानदार हसला. मी त्याला सरळ सांगितलं, यांना मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, आणि स्वयंपाक याच करणार आहेत. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा आत्तींकडं पाहिलं आणि बडबड थांबवून विचारलं, "मंजे तुमाला नक्की कसली पायजे?"

मला काय हवं ते मी मनाशी ठरवून आले होते. तीन बर्नर, तिन्ही वेगवेगळ्या आकाराचे. तिन्ही एका ओळीत, कारण बारका बर्नर मागच्या बाजूला असला तर त्याच्यापर्यंत पोचताना पदर पुढच्या जाळावरनं जाणार. ज्या त्या बर्नरचं बटण त्याच्या बरोबर खाली. आणि ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद व्हायला हवा. दुकानदार म्हणाला, तशी एक आहे, पण काचेची आहे, स्टीलमध्ये मिळत नाही. आत्तींना काच नको होती. "फुटली तर?" त्यांनी काचेवर बोटाचं पेर आपटून पाहिलं, मग मूठ आपटली. दुकानदार म्हणाला, "आजी, जपून." त्या म्हणाल्या, "मी जपूनच मारलीया. लावून दाखव."

दुकानाच्या मागच्या पडवीत शेगड्या तपासायला एक सिलिंडर ठेवलेला होता. दुकानदारानं नळी जोडली. पडवीत ऊन नव्हतं, सावली होती. त्यानं आधी मधला बारका बर्नर पेटवला. आत्ती मान इकडं तिकडं करून बघत राहिल्या. "पेटलाय का?"

"पेटलाय."

"न्हाई दिसत." मग त्यांनी डोळेच मिटून घेतले आणि कान पुढं केला. "पर ऐकू येतोय. बारीक हाय. मांजर घोरल्यागत."

मग त्यानं डावीकडचा मोठा पेटवला. आत्तींनी डोळे उघडले. त्यांच्या नजरेच्या मधोमध जो डाग होता, तो त्या मोठ्या बर्नरच्या जाळाएवढा रुंद नव्हता. जाळाचं कडं डागाच्या बाहेर उरत होतं. काळ्या काचेवर निळं कडं.

"अगं, दिसतंया!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पुढचं गिऱ्हाईक आत डोकावलं. "कडंनं निळं निळं दिसतंया. गोल हाय. पुरा गोल."

मी दुकानदाराला बटण फिरवायला सांगितलं. जाळ बारीक झाला तसं कडं आत सरकून नाहीसं झालं. मोठा केला की परत दिसलं. आत्तींनी ते स्वतःच्या हातानं करून पाहिलं. आधी मोठा, मग आणखी फिरवत नेलं की बारीक, मग उलटं आणलं की बंद. पेटवताना बटण जरा वेळ दाबून धरावं लागत होतं, नाहीतर ज्योत टिकत नव्हती. तेही त्यांना पहिल्यांदा जमलं नाही, मग जमलं. दुकानदारानं न सांगता आतनं एक तवा आणून मोठ्या बर्नरवर ठेवला आणि म्हणाला, "आता हलवून बघा आजी, डगमगतोय का." तो डगमगला नाही. मग त्यानं फोडणीचं कढलंही आणलं. बारक्या बर्नरवर ते घट्ट बसलं. शेगडी आम्ही घेतली.

घरी आल्यावर माझं खरं काम सुरू झालं. खिडकीतलं ऊन सकाळी थेट ओट्यावर यायचं आणि उन्हात निळा जाळ धड डोळ्यांच्या माणसालाही दिसत नाही. मी जाड कापडाचा पडदा शिवून खिडकीला लावला. मग बटणांवर मणी चिकटवले. नवरीच्या ब्लाऊजना लावायचे मणी माझ्याकडं डबाभर होते. मोठ्या बर्नरच्या बटणावर एक मणी, उजवीकडच्या मध्यम आकाराच्या बर्नरच्या बटणावर दोन, बारक्याचं बटण मोकळं. बटण बंद असलं की मणी वर, आभाळाकडं; मोकळ्या बटणाची उभी कड तशीच सरळ वर. बोट फिरवलं की कळावं, कोणता चालू आणि कोणता बंद.

पहिले दिवस काही सुखाचे नव्हते. मोठ्या बर्नरवर त्यांनी माझा लहान तवा ठेवला, तर जाळ तव्याच्या कडेनं वर आला, भाकरीची कड कोळसा झाली आणि बोटाला चटका बसला. तेव्हा आम्हाला समजलं की नुसता बर्नर बदलून भागत नाही. भांड्यानं जाळ झाकला पाहिजे. उंब्रजहून त्यांचा मोठा जाड तवा मागवून घेतला. त्यावर भाकरी टाकली की सगळीकडनं सारखी तापायची, आणि तवा बाजूला सरकवून भाकरी जाळावर धरली की कडेच्या निळ्यावरनं त्यांना कळायचं, भाकरी नेमकी कुठं आहे. फुगली की आवाज यायचा, वाफेचा. मग चिमट्यानं उलटायची.

दूध बारक्यावर. तिथं ते सावकाश तापतं, उतू जायच्या आधी पातेल्याच्या काठाशी चुळबुळ होते, ती आत्तींना ऐकू यायची. एकदा तरीही गेलंच उतू. ज्योत विझली, आणि थोड्याच वेळात शेगडीनं आतल्या आत खट्ट केलं. गॅस बंद. आत्ती म्हणाल्या, "ही गप बसत न्हाई बघ. सांगती." त्यानंतर त्यांनी दूध कधी उतू जाऊ दिलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. जायचं अधनंमधनं. माझंही जातं.

फोडणीही बारक्यावरच. मोठ्या जाळावर मोहरी तडतडायच्या आधी करपायची, बारक्यावर एक एक दाणा उडाल्याचा आवाज यायचा आणि मग त्या हिंग टाकायच्या. कुकर मी आधी मोठ्यावर ठेवून शिट्टीनंतर उजवीकडं न्यायचं म्हणत होते, गॅस वाचतो म्हणून. आत्तींनी ते उडवून लावलं. "तापलेला कुकर हातात घेऊन म्या कशाला हिंडू? जिथं बसवला तिथंच शिजंल." बरोबर होतं. कुकर आणि आमटी कायमची उजवीकडच्या दोन मण्यांच्या बर्नरवर गेली.

भांडणंही झाली. मी घाईत चहा करून पातेल्याची दांडी बाहेरच्या बाजूला ठेवली, त्यांच्या कोपराला लागून सगळा चहा सांडला. "दांडी आत! किती बार सांगायचं?" नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी अंडी करून मोठा तवा कपाटात टाकला, तर त्यांनी त्याला अशा शब्दांत हाणला की तो पुढचे कित्येक दिवस ओट्याकडं फिरकला नाही. त्यांचा आवाज परत आला होता. एका दुपारी माझ्या आमटीची चव घेऊन त्या म्हणाल्या, "लसूण टाकायला कुणी बंदी केलीया व्हय?" मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मशीनवर येऊन बसले तेव्हा मला हसू आवरेना.

मग एक दिवस थोरले भावजी न सांगता आले. कुपवाडला कुणाच्या तरी लग्नाला ते आणि जाऊबाई आले होते, तिथनं उठून सरळ आमच्याकडं. मी पुढं एका नवरीचा ब्लाऊज शिवत होते, तो त्याच दिवशी द्यायचा होता. "आई कुठाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आत." ते आत गेले आणि लगेच त्यांचा आवाज आला.

"आई! गॅसजवळनं बाजूला हो!"

मी आणि जाऊबाई धावतच गेलो. आत्ती ओट्याशी उभ्या होत्या. डाव्या बाजूला तवा, उजवीकडं पातेल्यात अख्खा मसूर रटरटत होता, मधल्या बारक्यावर कढल्यात तेल तापत होतं. भावजी उंबऱ्यावर, लग्नातला फेटा अजून डोक्यावर.

"आलास? बस," आत्ती मागं न बघता म्हणाल्या. "लग्नातलं जेवलास का भाकरी खाणार?"

"आई, म्या काय सांगितलं हुतं?"

"सांगितलंस, ऐकलं. आता बस."

भावजी माझ्याकडं वळले. "तुला बी सांगितलं हुतं."

मला त्यांची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी वाटली नाही. "भावजी," मी म्हणाले, "तुमी ध्यान ठेव म्हणला हुता. ठेवलंय. जरा उभं राहून बघा, मग बोला."

ते हाताची घडी घालून उभे राहिले, जवानांची तपासणी करतात तसे. आत्तींनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळावर धरली. मोहरी टाकली, आवाज ऐकला, हिंग टाकला, लसूण टाकला, सांडशीनं कढलं उचलून फोडणी मसुरात ओतली, आणि बारक्याचं बटण उलटं फिरवून त्यावर बोट ठेवून बंद झाल्याची खात्री केली. जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आत्ती तर आमच्यापेक्षा बी बेतानं करत्यात."

भावजींचं समाधान झालं नव्हतं. ते चवड्यावर ओट्याजवळ गेले आणि आमच्याकडं बघून बोट तोंडावर ठेवलं. आत्ती पीठ घ्यायला वाकल्या तेवढ्यात त्यांनी उजवीकडचं बटण हळूच फिरवून मसुराखालचा जाळ बारीक केला.

आत्ती सरळ झाल्या. पिठाचा हात तसाच हवेत. "कुणी बारीक केला?"

भावजी एक पाऊल मागं सरकले.

"मसूर शिजायचं हाय अजून. कुणी बारीक केला म्हणते मी?" त्यांनी हात पुसला, बोटानं दोन मणी चाचपले आणि जाळ परत मोठा केला. मग भावजी जिथं उभे होते तिकडं तोंड करून म्हणाल्या, "फौजेत हेच शिकविलं व्हय रं? आईची खोडी काढायला?"

भावजींना हसूच फुटलं. एवढे मोठे सुभेदार, फेटा काढून उंबऱ्यावर खाली बसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. नवरा तेवढ्यात घरी आला, त्याला काय चाललंय काही समजेना.

जेवताना भावजींचं बोलणं मऊ झालं होतं, तरी एक शंका उरलीच होती. मसुराबरोबर त्यांना कुरडई आठवली. "आई, आता कुरडई तळून दे चार."

"न्हाई," आत्ती म्हणाल्या. "तळणाचं म्या सोडलंय. कढईभर तेल तापलं का न्हाई ते ऐकू येत न्हाई आन् दिसत बी न्हाई. ते सूनबाई करती. मी त्या वक्ताला ओट्याजवळ थांबत न्हाई."

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तो नियम त्यांनीच केला होता, चटका वगैरे काही न बसता, एक दिवस कढई माझ्या हातात देऊन. भावजी घास हातात धरून आईकडं बघत राहिले. मला वाटतं, आधी बघितलेल्या सगळ्यापेक्षा या नकारानं त्यांची खात्री पटली. जेवण झाल्यावर हात धुता धुता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ही शेगडी कुठल्या दुकानात घेतली?"

इंजेक्शनांमधली अंतरं वाढली तशी आत्तींना उंब्रज आठवायला लागलं. मी राहा म्हणाले, मनापासून म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुजं घर चांगलं हाय. पर हितं कोंबडं वरडत न्हाई." भावजी स्वतः न्यायला आले. उंब्रजच्या स्वयंपाकघरात तसलीच शेगडी आधीच बसली होती. मी दोन दिवस तिथं राहून मणी चिकटवले आणि पडदा लावला.

तिथं सगळं सुरळीत झालं असं नाही. जाऊबाईंना इतक्या वर्षांनी ओटा एकटीचा मिळाला होता, तो परत वाटून घेणं त्यांना जड गेलं. फोनवर माझ्याकडं तक्रारी यायच्या, दोघींच्याही. मी दोघींना तेच सांगायची, सकाळ एकीची, संध्याकाळ दुसरीची करा. त्यांनी मला विचारल्याशिवाय भलतंच ठरवलं. भाकरी आणि दूध आत्तींचं, बाकी जाऊबाईंचं, आणि भांडण दोघींचं. ते टिकलंय.

आत्तींची नजर त्यानंतर अजून थोडी उतरली. मोठ्या बर्नरचं कडंही आता त्यांना ढगाळ दिवशी तेवढं दिसतं. पण हाताला जागा पाठ झाल्यात. काही दिवस त्या बरं वाटत नाही म्हणून ओट्याकडं येत नाहीत, आणि काही दिवस पहाटेच उठून सगळ्यांच्या भाकऱ्या करून ठेवतात.

गेल्या महिन्यात मी उंब्रजला गेले होते, घरात वास्तूची पूजा होती. बायकांनी स्वयंपाकघर भरलं होतं. मी पदर खोचून ओट्याकडं गेले आणि सवयीनं कुकर उचलायला हात घातला. आत्तींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. चेहरा त्यांना दिसत नव्हता, बांगड्यांच्या आवाजावरनं ओळखलं असेल.

"तू कवा आलीस?"

"आत्ताच."

"मग हितं गर्दी करू नगंस. त्या तिकडं पाटावर बस आन् लसूण सोल. जास्ती सोल."

मी पाटावर बसले आणि लसूण सोलायला घेतला.